आझेनोर पाणी मागते

अकराव्या महिन्यात तिला पहिला शब्द आला: पाणी.
आई नाही, बाबा नाही.
बाटली रिकामी, लंगोट जड,
पुन्हा बाटली.
सोलेन म्हणाली, उन्हाळा आहे.
मी म्हणालो, मिठागरावरची पोर,
तहान अंगातच असणार.
हसलो दोघंही.

तेव्हा गेरांदच्या वाफ्यांत मीठ चांगलं पिकत होतं.
पूर्वेचा वारा, आठ दिवस ढग नाही,
संध्याकाळी दुधावर साय यावी तशी
पाण्यावर मिठाची फुलं यायची
आणि मी ती फळीनं अलगद ओढून घ्यायचो.
आझेनोर बांधावर बसून खडे चोखायची,
गोड दिलं तर थुंकायची.
चालायची वेळ आली, चालली नाही.
धरून उभी केली तर पायांची कमान,
मधून मांजर जाईल एवढी.

गावच्या डॉक्टरांनी दात येतायत म्हटलं.
मग दूध पचत नाही म्हटलं.
मग काहीच म्हटलं नाही,
नांतच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली.

तिथं डॉक्टर केरवेला.
लघवीच्या रिपोर्टवरून तिचं बोट खाली सरकत गेलं:
साखर जातेय, फॉस्फेट जातंय, पोटॅशियम,
जे राखायचं ते सगळं वाहून चाललंय.
एवढं मला कळलं.
झडप नीट बसली नाही
की भरतीनं दिलेलं ओहोटी नेते.
मी विचारलं, फळी कुठे सडलीय?
तेव्हा तिनं कागदावरून मान वर केली.

मग अंधारी खोली, फटीएवढ्या उजेडाचा दिवा.
सोलेननं डोकं धरलं, मी हात.
"या, तुम्हीही बघा."
मी डोळा लावला.
माझ्या मुलीच्या डोळ्याच्या काचेत
मीठ पिकलं होतं.
सुया सुया, बारीक, लखलखत्या,
तीस वर्षं मी ज्या चमकेची
दर ऑगस्टात वाट बघितली
तीच.
क्षणभर – हे मी कुणाला सांगितलेलं नाही –
मला ते सुंदर वाटलं.

मीठ नव्हे, ती म्हणाली. सिस्टीन.
पेशीच्या कोठीत साचतं, बाहेर पडायला दार नाही.
दाराचा नकाशाच चुकीचा आलाय,
एक प्रत तुमची, एक हिची.
सोलेननं माझ्याकडे बघितलं नाही.
मीही नाही.
परतताना गाडीत वायपर उगाचच चालू होता.

त्या दिवसापासून घड्याळ घरात राहायला आलं.
सहा, बारा, सहा, बारा.
मध्यरात्री झोपेतल्या तोंडात औषध,
नासक्या अंड्याचा वास
उशीला, केसांना, शाळेच्या स्वेटरला.
डोळ्यांचे थेंब फ्रिजमध्ये, खारट लोण्याशेजारी,
जागेपणी तासातासाला.
वर्गातला गिल्दास तिच्या बाकावरून उठून गेला.
तिनं घरी येऊन विचारलं,
वास काढून कुठे ठेवता येतो का?

पाय सरळ झाले.
दारामागच्या रेघा बोटाबोटानं वर सरकल्या.
पण मूत्रपिंडं आधीच बरीच झिजलेली.
क्रिएटिनिन चढत गेलं,
ओहोटीच नसलेल्या भरतीसारखं.
अकराव्या वर्षी डॉक्टर केरवेला म्हणाली: आता.

माझं जुळलं.
मी विचारलं, खोट माझ्यातही आहे ना?
मग तेच खडे पुन्हा?
नाही, ती म्हणाली. तुमची एक प्रत चूक, एक बरोबर.
एक बरोबर पुरते.
त्या मूत्रपिंडात होणार नाहीत.
बाकी अंगात होतच राहतील. औषध चालूच.
बाकी अंगात. चालूच.
हे दोन शब्द मी पिशवीत घालून घरी आणले,
अजून तिथंच आहेत.

आता ऑक्टोबर. हिवाळ्यासाठी
वाफे पाण्याखाली झाकून ठेवलेत.
दांताळं उचललं की डाव्या कुशीतला व्रण ओढतो.
आझेनोर काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात,
सूप ढवळते, चव घेते,
तोंड वाकडं करते:
"बाबा, यात मीठ फार झालंय."

मी चमचा घेतो.
मीठ बेताचंच आहे.
सोलेन पाठमोरी, ओट्याला धरून,
हलत नाही.
सहाला पाच मिनिटं कमी.